लोगोत अशोकचक्र चालतं का? नसेल, तर बाकीच्यांना कसं चालतं?

रेघोट्या

मंडळी, कामाचा प्रश्न आहे. मी पुण्यात लोगो, पाकिटं, लेबलं, दुकानांच्या पाट्या अशी डिझाइनची कामं घेतो. सध्या एक मसालेवाले काका-काकू आलेत. इतकी वर्षं घरून विकत होते, आता दुकानांत माल ठेवायचा म्हणतात. गोडा मसाला, कांदा-लसूण, मिसळ मसाला, मेतकूट. माल अव्वल आहे. (आगाऊ रकमेसोबत गोड्या मसाल्याची पुडी पदरात पडली आहे, तेव्हा मी निःपक्षपाती नाही.)

काकांची फर्माईश अशी: वर केशरी पट्टा, मधे पांढऱ्यावर नाव, खाली हिरवा पट्टा. नावात अनुस्वार आहे, त्या टिंबाच्या जागी निळं अशोकचक्र. आणि पाकिटाच्या मागे, पत्त्याशेजारी, बारीकसे सारनाथचे सिंह. का, तर "सरकारी वाटतं, गिऱ्हाइकाचा पटकन विश्वास बसतो."

सिंह चालणार नाहीत हे मी तिथेच सांगितलं. त्यावर काकांनी मोबाइल काढून एकामागून एक तिरंगी लोगो दाखवायला सुरुवात केली. बँकांचे, अ‍ॅपचे, सिमेंटचे, एका पापडाचासुद्धा. "ह्यांना चालतं, मग मलाच का नाही?"

तर नेमकं काय बंद आहे आणि काय चालतं? नुसते रंग घेतले तर? जाणकारांनी सांगा. बाकीच्यांनीही सांगा, तसंही तुम्ही कोणी थांबणार नाही.

भटकभवानी

पहिली मी! कायद्यातलं कळत नाही, पण मसाला संपला की पाकीट कचऱ्यात जातं. १६ ऑगस्टला रस्त्यावरचे कागदी झेंडे उचलत फिरणारी शाळकरी मुलं आठवा आणि मग काकांना विचारा, आपलं तिरंगी पाकीट गटारात तरंगताना दिसलं तर चालेल का म्हणून.

टोलेजंग

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

शिक्कामोर्तब

ट्रेडमार्क नोंदणीची कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ह्या विषयात तीन निरनिराळे कायदे आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला १९५० चा, बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात जे जे नाव किंवा चिन्ह आहे ते धंद्यासाठी, ट्रेडमार्कमध्ये, डिझाइनमध्ये, पेटंटच्या नावात केंद्र सरकारच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. थोडं इकडचं तिकडे करून केलेली नक्कलही नाही. अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, सरकारची मुद्रा आहे, राष्ट्रपती भवन आहे, संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटना आहे, रामकृष्ण मठ आहे, गांधीजी, नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान आहेत. छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. अशोकचक्र तर नावानिशी आणि चित्रानिशी आहे. म्हणजे काकांचं टिंब इथेच अडकलं.

दुसरा २००५ चा, फक्त राजमुद्रेसाठी. सिंह धंद्यात वापरून गैरफायदा घेतला तर किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं कैद. हा कायदा हलका घेऊ नका.

तिसरा १९७१ चा, राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्याच्या जोडीला २००२ ची ध्वजसंहिता आहे. ती स्पष्ट सांगते की झेंडा कुठल्याही जाहिरातीत वापरायचा नाही, झेंड्यावर अक्षरं लिहायची नाहीत, ध्वजदंडाला जाहिरातीची पाटी बांधायची नाही. काकांना तर मधल्या पट्ट्यावर मसाल्याचं नाव लिहायचंय!

आता रंग. केशरी, पांढरा, हिरवा ही काही कुणाची जहागीर नाही. 'रुपे'च्या खुणेत केशरी आणि हिरवे त्रिकोण आहेत. बाण, पान, पंख, सूर्य अशा आकारांत ते रंग आले तर पाहणाऱ्याला देश आठवतो, झेंडा दिसत नाही. पण तीन आडवे सारखे पट्टे, त्याच क्रमाने, आणि मधोमध निळं काहीतरी गोल, असं झालं की तो झेंडाच. तुमच्या काकांनी दाखवलेल्या लोगोंपैकी बहुतेक पहिल्या प्रकारातले असणार. पापडाचं सांगता येत नाही.

टोलेजंग

वकीलसाहेब, १९५० च्या कायद्यातला दंड किती ते नाही लिहिलंत. मी लिहितो: ५०० रुपये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या पानभर जाहिरातीत पंतप्रधानांचा फोटो झळकला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि दुसऱ्या दिवशी पेटीएमच्या जाहिरातीत तोच चेहरा. परवानगी दिली नव्हती असं सरकारनेच संसदेत सांगितलं. पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी माफी मागितल्याचंही संसदेतच कळलं. एवढ्या मोठ्या जाहिरातीच्या खर्चात ५०० रुपये म्हणजे शाईचेसुद्धा पैसे नाहीत.

काकांना म्हणावं ५०० रुपये बाजूला काढून ठेवा आणि छापा बिनधास्त.

शिक्कामोर्तब

हा सल्ला माझ्याकडे येणाऱ्या अशिलांना बरेचजण आधीच देऊन मोकळे झालेले असतात, म्हणून उत्तर देतो.

दंड ५०० असला तरी खरा फटका नोंदणीत बसतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये सरळ म्हटलंय की १९५० च्या कायद्याने बंद असलेलं चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येणार नाही. आज काकांनी चक्रवाला लोगो छापला, माल चालला, नाव झालं. मग शेजारच्या गल्लीतल्या कुणी तसंच पाकीट काढलं. काका कोर्टात कुठला कागद घेऊन उभे राहणार? जिओला नोंदणीची चिंता नव्हती, कारण तो फोटो एका दिवसाच्या जाहिरातीत होता, लोगोत नव्हता. काकांना त्या पाकिटावर आयुष्य काढायचंय.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. १९५० च्या कायद्याखाली खटला भरायचा तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. तुम्हीआम्ही उठून कोर्टात जाऊ शकत नाही. त्यामुळे खटले कमी होतात, आणि खटले कमी म्हणून सगळ्यांना वाटतं की चालतं.

बोरीबंदर

सरकारी थाट चिन्हात आणायची हौस जुनी आहे. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेचीच गोष्ट घ्या, मला फार आवडते. १९३५ मध्ये बँक सुरू व्हायची होती तेव्हा मुद्रा शोधताना ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचं चित्र नजरेत भरलं: सिंह आणि ताडाचं झाड. पण सिंह म्हणजे ब्रिटिश राजसत्ता. चिन्हातून बँकेचा सरकारी दर्जा दिसावा, पण फार ठळक नको, अशी अपेक्षा होती. मग सिंह काढून वाघ बसवला, कारण वाघ हिंदुस्थानचा जास्त खरा प्राणी. कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरच्या फाटकावरचा वाघ नमुन्याला घेतला. चित्र तयार होऊन आलं तेव्हा डेप्युटी गव्हर्नर टेलर वैतागले. वाघ कुत्र्यासारखा दिसतोय आणि कुत्रा नि झाड असं चिन्ह पाहून टवाळ लोक हसतील, असं त्यांनी लेखी कळवलं. पुढे त्यात सुधारणा झाली.

तो वाघ राष्ट्रीय प्राणी झाला तो १९७० च्या दशकात. म्हणजे बँकेने चिन्ह उधार घेतलं नाही, देशानेच नंतर तिचा प्राणी उचलला म्हणा हवं तर.

अवांतर: बीसीसीआयच्या लोगोतला तारा आणि ब्रिटिशांच्या 'स्टार ऑफ इंडिया' ह्या मानचिन्हातला तारा शेजारी ठेवून बघा. तिथे मात्र उधारी स्पष्ट दिसते.

अण्णा सातारकर

वर महाराजांचं नाव यादीत आहे असं लिहिलंय. ते तिथे का, हे तरुण पोरांना माहीत नसेल. आमच्या लहानपणी महाराजांच्या नावाची आणि चित्राची बिडी मिळायची. ओढून झाली की बंडलाचा कागद पायदळी. लोक हळहळायचे पण बोलत कोण होतं.

शिक्कामोर्तब

अण्णा, तुम्ही ज्या खटल्याकडे बोट दाखवताय तो आपल्या पुण्याचाच. साबळे वाघिरे आणि कंपनी विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९७५. केंद्राने अधिसूचना काढून अनुसूचीत महाराजांचं नाव घातलं. कंपनी तोवर ते नाव आणि चित्र वर्षानुवर्षं वापरत होती, नोंदणीही होती. कंपनीचं म्हणणं: आमचा व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क गेला, आणि यादीत हवं ते नाव घालायचा एवढा मोकळा अधिकार सरकारला देता येत नाही. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. कायद्याच्या कलम ३ मध्ये नुसतं 'वापरू नये' असं नाही, 'वापरत राहू नये' असंही आहे. त्यामुळे 'आम्ही आधीपासून वापरतोय' हा बचाव तिथे उभाच राहत नाही.

ट्रेडमार्कचा वकील म्हणून सांगतो, ह्या विषयातला भारतातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल पुण्याच्या बिडीवरून आला आणि पुण्यात तो फारसा कुणाला माहीत नाही.

अण्णा सातारकर

आणि मग संभाजी महाराजांच्या नावाने विकली. तिथे कायदा कुठे गेला?

शिक्कामोर्तब

त्या नोंदीत नाव शिवाजी महाराजांचं आहे, संभाजी महाराजांचं नव्हतं. म्हणून कायद्याचा हात तिथे पोचला नाही. लोकांचा पोचला. संघटनांनी आंदोलनं केली आणि २०२० मध्ये कंपनीने नाव बदलून 'साबळे बिडी' करत असल्याचं जाहीर केलं.

खमंग

एक शंका. माझ्या मामाचं नाव शिवाजी. त्याची खानावळ आहे, 'शिवाजी खानावळ'. आता मामा आत जाणार का? :D

शिक्कामोर्तब

अनुसूचीत शब्द 'छत्रपती शिवाजी महाराज' असे आहेत. मामांनी स्वतःचं नाव पाटीवर लावलंय, जिरेटोप घातलेलं चित्र लावलेलं नसेल तर शांत झोपा. चित्र असेल तर काढायला सांगा. मामांना म्हणावं, आदर असेल तर घरात लावा, भजीच्या दरपत्रकावर कशाला?

टोलेजंग

मग अशोक लेलँडचं काय? अशोक आहे की नावात.

बोरीबंदर

तो अशोक सम्राट नव्हे हो. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी 'अशोक मोटर्स' काढली, तिला मुलाचं नाव दिलं. लेलँड नंतर जोडलं गेलं.

केसरीहिरवा

मला हा सगळा काथ्याकूटच पटत नाही. माणूस देशावर प्रेम म्हणून चक्र लावतोय. त्यात अपमान कुठे आला? अमेरिकेत झेंड्याच्या चड्ड्या घालतात, कुणी विचारत नाही. आपल्याकडेच सगळीकडे परवानगी. हर घर तिरंगा म्हणायचं आणि मसाल्यावर नको म्हणायचं?

शिक्कामोर्तब

अमेरिकेतही झेंडा जाहिरातीत वापरू नये असं लिहिलेलं आहे, फक्त शिक्षा नाही. आणि झेंडा असलेला ट्रेडमार्क तिथलंही कार्यालय नोंदवत नाही. पेटंट-ट्रेडमार्कविषयीच्या पॅरिस करारातलं एक कलम जगभर तेच सांगतं: सदस्य देशांचे झेंडे आणि राजचिन्हं ट्रेडमार्कमध्ये घेऊ नका. भारत त्यात १९९८ मध्ये सामील झाला.

पण तुमचा अपमानाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो चुकीच्या कायद्याला लावताय. अपमान झाला का, हे १९७१ चा कायदा विचारतो, आणि तिथे हेतू बघतात. २०१३ च्या नाताळात कोइमतूरला तिरंगी, अशोकचक्र असलेला सहा फूट बाय पाच फुटांचा केक कापला गेला. मोठमोठे अधिकारी हजर होते. तक्रार झाली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की हा अवमान नाही, केक खाऊन बाहेर पडणाऱ्यांच्या मनात देशाविषयी तुच्छता नव्हती. मला निकाल पटला.

१९५० चा कायदा मात्र प्रेम की अपमान हे विचारतच नाही. ह्या मालामागे सरकार उभं आहे असं गिऱ्हाइकाला वाटेल का, एवढीच त्याची काळजी आहे. म्हणून तर यादीत झेंड्याशेजारी जागतिक आरोग्य संघटना बसली आहे. तिच्यावर कुणाचं देशप्रेम आहे? पण औषधाच्या बाटलीवर तिचं चिन्ह लावलं की ती बाटली वेगळीच वाटायला लागते. आणि तुमच्या काकांनी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलंय, रेघोट्याभाऊ: "सरकारी वाटतं, विश्वास बसतो." कायदा नेमका हाच विश्वास फुकट मिळू देत नाही.

दिवसातून दोनदा

डॉक्टर आहे, म्हणून माझ्या बिरादरीची चहाडी करतो. पांढऱ्यावर लाल फुली, म्हणजे रेडक्रॉस, ही डॉक्टरांची खूण नाही. ती युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना संरक्षण देणारी खूण आहे. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने भारतात ती परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. तरी दवाखाने, मेडिकलची दुकानं, रुग्णवाहिका, आमच्या गाड्यांच्या काचा, सगळीकडे लाल फुली. दंड तिथेही ५०० रुपयांपर्यंतच.

गंमत म्हणजे त्याच कलमात लाल पार्श्वभूमीवरची पांढरी फुलीही बंद आहे, म्हणजे स्वित्झर्लंडचं चिन्ह. कायद्याला चकवायला उलटे रंग घेतलेत तर तिथेही पकडलात. काही सहकारी हिरवी फुली वापरतात, ते शहाणे.

केसरीहिरवा, तुमचं प्रेम मान्य. पण रणांगणात ती खूण बघून गोळी थांबायला हवी असते. चणेफुटाण्यासारखी वाटली की तिचं वजन जातं.

मिसिसॉगाकर

कॅनडातून. आमच्याकडे झेंड्यावरचं मेपलचं पान जिथे तिथे आहे. मॅकडोनाल्डच्या पिवळ्या कमानीतसुद्धा इथे बारीक लाल पान असतं. इथली तऱ्हा मला आवडली: झेंड्यावरचं अकरा टोकांचं पान कंपनीने लोगोत घ्यायला हरकत नाही, १९६५ पासून तशी मुभा आहे. अट एकच, पानावर एकट्याचा हक्क सांगायचा नाही. लोगो तुमचा, पान सगळ्यांचं. त्यामुळे गल्लीतल्या सुताराच्या व्हॅनवरही पान आणि विमान कंपनीच्या शेपटीवरही पान.

अर्थात इथे झेंडाच १९६५ चा. आधीच्या पिढीने त्याच्यासाठी लाठ्या खाल्लेल्या नाहीत. तुलना करताना तेवढं लक्षात ठेवावं.

बाय द वे, जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडा साइटवर तिरंग्याची पायपुसणी विकायला आली होती. सुषमा स्वराज यांनी ट्विटरवरून व्हिसा रद्द करायची तंबी दिली आणि पायपुसणी लगेच गायब झाली. कायद्याचं कलम काढायची वेळच आली नाही.

पोटभाडेकरू

स्विस लोक ह्या बाबतीत सगळ्यात हिशोबी. २०१७ पासून त्यांच्याकडे नियम आहे: मालावर पांढरी फुली किंवा देशाचं नाव मिरवायचं तर कारखान्यातल्या वस्तूचा किमान ६० टक्के उत्पादनखर्च स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे. खाण्याच्या वस्तूचा ८० टक्के कच्चा माल तिथला हवा, दूध तर १०० टक्के. टोब्लेरोन चॉकलेटवाल्यांनी काही उत्पादन स्लोव्हाकियात नेलं आणि २०२३ मध्ये पाकिटावरचा मॅटरहॉर्नचा डोंगर काढावा लागला. त्या जागी साधाच एक डोंगर आला.

आपल्याकडे हा नियम आणला तर काय होईल याचा विचार करतोय. पाकिटावर तिरंगी रेघ आणि आतल्या खेळण्यावर चिनी अक्षरं अशी किती खेळणी घरात आहेत.

केसरीहिरवा

हा नियम मला मान्य! माल इथला असेल तर झेंडा लावू द्या.

टोलेजंग

मसाला इथला, पण लवंग आणि दालचिनी बाहेरची असते. मग काय, दोनच पट्टे लावायचे?

बोरीबंदर

उलटी गोष्टही घडते, झेंडा काढला म्हणून राग. १९९७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने विमानांच्या शेपटीवरचं युनियन जॅकचं चिन्ह बहुतेक विमानांवरून हटवून जगभरच्या लोककलांची चित्रं काढली. त्या वर्षी ब्लॅकपूलच्या पक्ष परिषदेत थॅचरबाईंनी मांडलेल्या विमानाच्या नमुन्यापुढे थांबून पर्समधून रुमाल काढला आणि शेपूट झाकून टाकली. प्रतिस्पर्धी व्हर्जिनने संधी साधून स्वतःच्या विमानांवर युनियन जॅक चढवला. २००१ पर्यंत ब्रिटिश एअरवेजने सगळी शेपटं पुन्हा झेंड्याची करायचं ठरवलं होतं. चित्रं चांगली होती हो, पण प्रवासी विमान बघून देश ओळखत होते, ते कुणी हिशोबात धरलं नव्हतं.

निवडणूकचिन्ह

एवढं सगळं बोललात, राजकीय पक्षांच्या झेंड्यांवर कुणी बोलेना. तेच तीन पट्टे, त्याच क्रमाने. तिथे नक्कल होत नाही वाटतं? आणि

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद अर्ध्यात कापला आहे. पक्षीय राजकारणासाठी वेगळे धागे आहेत आणि ते सध्या बंद आहेत. विषय धंद्यातल्या चिन्हांचा आहे, तिथेच राहावं.

भटकभवानी

काकांचं काय झालं ते सांगा ना. आम्ही सगळे इथे स्वित्झर्लंडला पोचलो.

रेघोट्या

आलो. सगळ्यांचे आभार, विशेषतः शिक्कामोर्तब यांचे. धाग्याची छापील प्रत घेऊन गेलो होतो.

काका बिडीच्या खटल्यापर्यंत शांत होते. तो वाचल्यावर मात्र, "म्हणजे आपण त्या बिडीवाल्यांच्या ओळीत बसतोय होय," असं म्हणाले. सिंह तिथेच गेले. चक्रावर अजून घुटमळत होते, तिथे नोंदणीचा मुद्दा कामाला आला. पट्ट्यांवर मात्र अडून बसले. रंग तर चालतात ना, वकीलच म्हणाले!

शेवटी पट्टे पडले ते भलत्याच कारणाने. पाकिटावर शाकाहारी खूण लागते, हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. ती दर्शनी भागावर आणि उठून दिसेल अशा रंगाच्या पार्श्वभूमीवर असावी असा नियम आहे. खालच्या हिरव्या पट्ट्यावर तिची जागा धरली होती. हिरव्यावर हिरवं! छापखान्याने पहिलाच नमुना परत पाठवला. पांढरी टिकली करून आत खूण घातली तर ती दुसऱ्याच्या पाकिटावरून कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. काकू म्हणाल्या, "मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा घ्या, आपला माल तोच आहे." काका गप्प.

आता एकच शंका राहिली. काकांना 'सरकारी' विश्वास अजून हवाय.

शिक्कामोर्तब

मग सरळ मार्गाने घ्या की. अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक पाकिटावर लागतोच, तो पुसट न छापता नीट वाचता येईल असा छापा. आणि खरोखर सरकारी खूण हवी असेल तर अ‍ॅगमार्क आहे. १९३७ च्या कायद्यातलं आहे ते. हळद, तिखट, धणेपूड अशा मसाल्यांना ते ऐच्छिक आहे, म्हणून बरेच छोटे उत्पादक त्या वाटेला जात नाहीत. प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, माल तपासून घ्यावा लागतो, प्रतवारी सांभाळावी लागते. मध्यवर्ती अ‍ॅगमार्क प्रयोगशाळा आपल्या नागपूरलाच आहे. ती खूण लावली की "सरकारी वाटतं" असं म्हणायची गरज नाही, तपासणी झालेलीच असते. गोड्या मसाल्याचं आधी विचारून घ्या, पण नुसत्या हळद-तिखटापासून सुरुवात करता येईल.

रेघोट्या

सांगितलं. अ‍ॅगमार्कचं ऐकून काका खूश झाले, तपासणीचं ऐकून काकू. "तपासू दे की, घाबरतंय कोण?" म्हणाल्या.

पण आता नवीन. खासगी कंपनी नोंदवायची म्हणतात, आणि नाव सुचवलंय 'नॅशनल मसाले'.

शिक्कामोर्तब

अरे देवा. कंपनीच्या नावात 'नॅशनल', 'रिपब्लिक', 'राष्ट्रपती' वगैरे शब्द केंद्राच्या मंजुरीशिवाय मिळत नाहीत. काकूंचं नाव काय आहे?

रेघोट्या

ते इथे नाही लिहीत. पण अनुस्वार त्यांच्याच नावात आहे. मूळ लोगोत काकूंचंच नाव होतं, मधे बदललं काकांनी.

खमंग

मग झालं तर. तेच ठेवा आणि टिंबाच्या जागी लवंग लावा.

भटकभवानी

लवंग +१. आणि गोडा मसाला मुंबईत कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्धा किलो, मेतकूट वेगळं.